ताटली का निघत नाही?

बेळगावच्या उद्यमबागेत पंपाचं झाकण अडकलं, तर जाणता फिटर फटीत छन्नी घालत नाही. पुष्कळ झाकणांत आटे पाडलेली दोन जादा भोकं असतात. त्यांत बोल्ट पिळत गेलं, की त्याचं टोक आतल्या भागावर टेकतं आणि झाकण सरळ वर उचललं जातं. टूलरूममधला हा धडा मी आता घरगुती एस्प्रेसो मशिनांवर वापरतो. पुण्या-बेंगळुरूहून परतलेल्या मुलांमुळे बेळगाव-निपाणी पट्ट्यातही ही मशिनं ओट्यावर दिसू लागली आहेत.

१९९१ साली बाजारात आलेलं इटलीचं ‘गाजिया क्लासिक’ घ्या. हँडल जिथं अडकवतो तो भाग पितळेचा. त्याच्या पोटात बारीक जाळी आणि जाळीमागे, जुन्या मशिनांत, अ‍ॅल्युमिनियमची ताटली. दोन अ‍ॅलन बोल्टांनी आवळलेली. बोल्ट निघतात, ताटली मात्र हलत नाही.

ती कशानं धरली आहे, हे आधी ओळखायचं. कॉफीचं तेल करपून चिकटतं. बोअरचं जड पाणी तापलं की क्षाराचा थर धरतो. पण खरी पकड असते गंजाची. दोन वेगळे धातू आणि मध्ये गरम पाणी, की त्यांतला अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतो. त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि फट गच्च भरते. हिंडाल्कोच्या बेळगाव कारखान्यात बॉक्साइटपासून जे पांढरं हायड्रेट काढतात, त्याच कुळातली ही पूड.

इथं बरेच जण मशीन तापवून ताटली ओढतात. बोल्टांसाठी ऊब चांगली, कारण पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि आटे सैल होतात. ताटलीचं उलट आहे. अंशागणिक पितळ दर दहा लाख भागांत सुमारे १९ भाग फुगतं, अ‍ॅल्युमिनियम २३. आतली ताटली बाहेरच्या पितळापेक्षा जास्त फुगली, तर ती आणखी घट्टच बसणार. म्हणून बोल्ट कोमट असताना सोडवावेत आणि ताटली पूर्ण गार झाल्यावर काढावी. दोन्ही वेळा वाफ सोडून दिलेली आणि प्लग काढलेला हवा.

आता उद्यमबागेची युक्ती. जाळीचा स्क्रू ज्या मधल्या भोकात बसतो, त्याला आटे आहेतच. त्याच आट्यांचा लांब बोल्ट तिथं हातानं लावायचा आणि पान्यानं पाव-पाव फेरा द्यायचा. टोक वर टेकलं, की ताटली खाली सरकू लागते. जोर मधोमध पडतो, त्यामुळे ती तिरकी होऊन रुतत नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं कडेला उचकटलं, तर पितळाच्या बैठकीवर कायमचा ओरखडा राहतो. पाण्याच्या वाटेवर गंज सोडवायचं तेलही नको. ते कपात उतरतं. लिंबूसत्त्व क्षार विरघळवतं, पण अ‍ॅल्युमिनियमवर फार वेळ ठेवलं तर धातूही खातं.

बसवताना बैठक नायलॉनच्या ब्रशनं स्वच्छ करावी, खाण्याच्या यंत्रांसाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटभर लावावं, बोल्ट बेताचेच आवळावेत. पितळी ताटली मिळाली तर उत्तम. दोन धातूंचं भांडणच मिटतं. नाहीतर दर दोन-तीन महिन्यांनी ताटली काढून पुसावी. अधूनमधून उघडला जाणारा जोड सहसा जाम होत नाही.