पाणवेशीपाशी राहणारी माणसं

माझे वडील अलिबागजवळच्या एका गावात मशिदीचे शमाश, म्हणजे तिची देखभाल करणारे सेवक होते. कोकणात आम्हा बेने इस्राएल यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. शुक्रवारी दुपारी ते टांगलेले काचेचे पेले उतरवून घासायचे. अर्ध्यापर्यंत पाणी, वर खोबरेल, मग वात. मुकादमांची, म्हणजे मशिदीच्या प्रमुखांची नावं फलकावर कोरली गेली. शमाशांची नाही.

म्हणूनच बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात परतणाऱ्यांची यादी वाचताना मी नथीनीमांपाशी थांबते. हे देवळाचे सेवक. इ.स.पू. ५३८ मध्ये कोरेश राजानं यहुद्यांना बाबेलहून यरुशलेमला परतायची मुभा दिली. यादीतला एकूण आकडा ४२,३६०. त्यात याजक ४,२८९, त्यांचे मदतनीस असलेले लेवी मात्र अवघे ७४. शलमोनाच्या सेवकांचे वंशज धरून हे सेवक ३९२ होते. पुढे एज्रा शास्त्र्याचा तांडा अहवा नदीवर तीन दिवस थांबला, तेव्हा त्यात एकही लेवी नव्हता. कासिफ्याला निरोप धाडल्यावर ३८ लेवी आले आणि त्यांच्यासोबत २२० नथीनीम. या सगळ्यांची नावं नोंदली होती, असं पुस्तक आवर्जून सांगतं.

यरुशलेमेत ते ओफेल टेकडीवर, पाणवेशीसमोर राहत. परंपरा त्यांचं नातं यहोशवाच्या काळातल्या गिबोनकरांशी जोडते. लाकूड तोडायचं आणि पाणी भरायचं काम त्या गिबोनकरांकडे होतं. गीहोन झऱ्यापासून ओफेलच्या दिशेनं मी चढून गेले आहे. खाली किद्रोनचं खोरं, वर उभा चढ. हातात काही नसताना मला धाप लागली. पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन हा चढ रोज चढणाऱ्यांच्या जिवावर देवळाचा कारभार चालत असेल, हे तिथं पायांना कळतं.

यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या काळी लोकांनी नियमशास्त्र पाळायची शपथ घेतली, तीत नथीनीमही होते. तरीही पुढे मिश्ना या यहुदी नियमसंहितेनं बाबेलहून आलेल्यांची दहा कुळं मोजली आणि नथीनीमांशी इस्राएलांचा विवाह निषिद्ध ठरला. शपथ एक, चढ एक, पण सोयरीक नाही.

ही गोष्ट माझ्या घरातलीच वाटते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलात आलेल्या आमच्या लोकांना लग्नाच्या वेळी पिढ्यान्‌पिढ्यांचं कूळ सिद्ध करायला सांगत. माझी मावशी तेव्हा यरुशलेमेत धरण्याला बसली होती. १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदीच आहेत, असं जाहीर केलं, तेव्हा कुठे आमच्या मुलामुलींच्या लग्नांचा मार्ग मोकळा झाला.

नथीनीमांच्या वाट्याला असा ठराव आला नाही. नातवंडांना एज्रा वाचून दाखवताना मी त्यांची नावं गाळत नाही. सीहा, हसूफा, तब्बावोथ, सगळी वाचते. ज्यांनी देवाच्या घरासाठी बाबेल सोडलं, ती माणसं आपलीच. त्यांचं कूळ विचारायचा हक्क कुणालाच नव्हता, हे त्या मुलांना लहानपणीच कळलं पाहिजे.