आधी बघ, मग लिही

बालवाडीतला माझा सराव नाशिकच्या सातपूर भागात झाला. सातपूर म्हणजे कारखान्यांचा भाग. पालकांपैकी बरेचजण पाळीने कामाला जाणारे. त्यामुळे मुलांना सोडायला आज बाबा, उद्या आजी, परवा शेजारच्या काकू, असं चालायचं. मोठ्या गटाच्या बाई तिथे खूप वर्षं शिकवत होत्या. माझी पाठ टाचणं आणि पुठ्ठ्याचे प्राणी त्यांनी कौतुकाने पाहिले, सध्या कपाटात ठेवायला सांगितले आणि एक कोरी वही हातात दिली.

“आधी बघ, मग लिही. मुलाने काय केलं, काय म्हटलं, तेवढंच. हट्टी, हुशार, लाजाळू, मस्तीखोर हे शब्द या वहीत नकोत.”

ऐकायला नियम सोपा होता. तो पाळायला लागल्यावर कळलं, की आपण मोठी माणसं मुलांकडे फार थोडं बघतो आणि त्यांच्याविषयी फार लवकर बोलतो.

वहीची सुरुवात जूनमधल्या रडारडीने झाली. एक मुलगा फाटकापाशी आला की आजीचा पदर सोडायचा नाही. “त्याचं लक्ष नसताना निघून जा,” असा सल्ला आजींना सगळेच देत. नोंदी मात्र वेगळं सांगत होत्या. आजी नजर चुकवून गेल्या, त्या दिवशी तो फारसा रडला नाही, पण डब्याच्या सुट्टीपर्यंत दाराजवळून हलला नाही. ठोकळ्यांकडे वळला तरी मध्येच उठून दार बघून यायचा. आजी “गोष्ट झाली की मी येते” असं सांगून गेल्या, त्या दिवशी तो जोरात रडला आणि रडून झाल्यावर वाळूत खेळायला बसला. रडणं मोठं होतं, पण ते संपलं. आदल्या दिवसाची धास्ती संपलीच नव्हती. बाईंनी दोन्ही नोंदी आजींना वाचून दाखवल्या. मग आजी रोज सांगून जाऊ लागल्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. आधी डबा, मग गोष्ट, मग आजी, हा क्रम मात्र नीट कळतो. रोज तो क्रम खरा ठरत गेला, तसा तो मुलगा पदर सोडून आपणहून आत यायला लागला.

मातीकामाच्या कोपऱ्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जायचा. एकदा दोन मुलांना मी मातीचे सारखे गोळे दिले. दोघांनी हातात घेऊन, शेजारी शेजारी धरून ते सारखे असल्याची खात्री केली. मग एकाने आपला गोळा पाटीवर लाटून लांब साप केला. दुसऱ्याने लगेच तक्रार केली, “ताई, याला जास्त माती दिली!” सापाचा पुन्हा गोळा केला, तर “आता सारखी.” पुन्हा लाटला, तर पुन्हा जास्त. आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे साधारण सहा-सात वर्षांचं होईपर्यंत मुलाला पटत नाही, हे ज्याँ पियाजे यांचं निरीक्षण मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पुस्तकात वाचताना ती मुलाची उणीव वाटली होती. पाटीपाशी बसल्यावर त्यातला प्रामाणिकपणा दिसला. त्याला लांबी दिसत होती आणि तो दिसेल तेच सांगत होता. अशा वेळी मोठ्यांनी समजावून काही साधत नाही. गोळ्याचा साप आणि सापाचा गोळा त्याच्याच हातून पुष्कळदा व्हावा लागतो. म्हणून मातीकामाचा तास हा ‘खरा अभ्यास’ आटोपल्यावर द्यायचा फावला वेळ नव्हे. या वयात अभ्यास तोच.

त्याच कोपऱ्यात एक मुलगी बसायची. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हजेरीला मान हलवायची, गाण्याच्या वेळी ओठ मिटलेले. एके दिवशी ती मातीच्या भाकरी थापत होती. गोळा मळून घ्यायचा, एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर फिरवत पसरायचा, कड कुठे चिरली तर बोटाने दाबून सारखी करायची. भाकरी पाटीवर ठेवताना ती स्वतःशीच बोलत होती, “हाई मायले. हाई बाबाले. हाई भाऊले.” आणखी एक थापली, तिचे दोन तुकडे केले, एक स्वतःपुढे ठेवला आणि दुसरा न बोलता माझ्यापुढे सरकवला.

ते कुटुंब धुळ्याकडून आलेलं, घरात अहिराणी बोलणारं. मी पाहिलं ते सगळं तसंच वहीत उतरवलं. दुपारी बाईंनी त्यातल्या एकेका ओळीवर बोट ठेवलं. माणशी एक भाकरी, म्हणजे आकडे म्हणता येण्याआधीच हिला एकास एक जुळवता येतं. पाहुण्याला वाटा हवा, तर एकाचे दोन करता येतात. आणि मुख्य म्हणजे ती बोलते. मुलं काम करताना स्वतःशी बोलतात. तेच बोलणं पुढे आत मुरतं आणि मनातल्या मनात विचार करणं होतं, असं व्हिगॉट्स्की यांनी मांडलंय. या मुलीचा विचार अहिराणीत चालला होता. वर्गात मात्र त्या भाषेला जागा नव्हती.

तिथेच फडकं मारत असलेल्या मावशी म्हणाल्या, “माझ्याशी बोलते की ती रोज. नळापाशी.” मावशीही मूळच्या खानदेशातल्या. बाईंनी त्यांना विचारलं, “उद्या गोष्ट तुम्ही सांगाल?” मावशी आधी संकोचल्या, मग तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोलात बसून अहिराणीतून कोल्ह्याची गोष्ट सुरू केली. जरा कुठे थांबल्या, तर मागून आवाज आला, “मंग?” त्याच मुलीचा. पुढच्या वेळी शेजारची दोघं म्हणाली, “मंग?” गोष्ट संपेपर्यंत सगळा वर्ग ओरडत होता. त्यानंतर हळूहळू ती माझ्याशीही बोलायला लागली, आधी अर्धी अहिराणी, अर्धी मराठी, आणि पावसाळा सरता सरता गाण्यांमध्येही तिचा आवाज येऊ लागला.

तेव्हा कोसबाडचं काम मला नव्याने समजलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडला नेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून हळहळत बसण्यापेक्षा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मोलाच्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे असं आसपास सापडणारं सामान वापरलं. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मी सरावाच्या आधी वाचलं होतं, तेव्हा ती त्यागाची कहाणी वाटली होती. आता त्यातली कारागिरी दिसते. मुलाकडे आधीपासून काय आहे ते बघायचं आणि शाळेची आखणी त्यावरून करायची, ही त्यांची रीत होती. सातपूरच्या त्या गोलात मावशींच्या गोष्टीने केलं ते हेच.

दिवाळीआधीच्या पालकसभेत विषय निघायचा तो निघालाच. “शेजारच्या शाळेतली मुलं पानभर लिहितात. आमचा अजून मातीच खेळतोय.” हे विचारणाऱ्या वडिलांचा मला राग आला नाही. बारा तास राबून फी भरणाऱ्या माणसाला आपलं मूल मागे पडेल अशी भीती वाटणारच. बाईंनी आधी हाताविषयी सांगितलं. मनगटात आठ बारीक हाडं असतात, जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पाचव्या वर्षीही सगळी पक्की झालेली नसतात. त्या हाताला तासभर बाराखडी गिरवायला लावली, तर बोटं आखडतात आणि लिहिण्याचा कंटाळा तेवढा शिकून होतो. मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात त्याच्या मुलाच्या चित्रांची फाईल दिली. तारखेनुसार लावलेली पानं. जूनमध्ये नुसता गिरगोटा. पुढे गोल, पण टोकं न जुळलेला. मग टोकं जुळलेला पक्का गोल. मग त्या गोलात डोळे आणि गोलातूनच निघालेले हातपाय, कारण धड अजून सुचायचं होतं. “हा गोल जुळला की ‘व’ येतो, ‘ब’ येतो, ‘क’ येतो,” बाई म्हणाल्या. “मटार सोलणं, मणी ओवणं, भाकरी थापणं, यातून हा हात तयार झालाय.”

ते वडील बराच वेळ पानं उलटत होते. मग म्हणाले, “आयटीआयला आम्हाला किती दिवस नुसती कानसच मारायला लावली होती. मशीनला हात लावू देत नव्हते. तसंच आहे म्हणा की हे.” मागच्या बाकांवरचे दोन-तीन जण हसले आणि माना डोलावल्या. आमच्या सगळ्या शास्त्रापेक्षा त्या कानशीने सभेचं काम सोपं केलं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकसंध पायाभूत स्तर मानला आणि खेळातून शिकण्याला त्यात मध्यवर्ती जागा दिली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण वर्गात बसल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगते: खेळ दिला की काम संपत नाही. खेळणाऱ्या मुलाकडे बघणारं माणूस लागतं आणि त्या माणसाला बघायला सवड लागते. मी वहीत लिहू शकले, कारण वर्ग बाई सांभाळत होत्या. एकट्या बाईंवर अख्खा वर्ग, हजेरी, पोषण आहार आणि माहितीचे रकाने टाकले, तर बघायचं कधी? मग ‘लाजाळू’ आणि ‘मस्तीखोर’ हेच शब्द हाताशी उरतात, आणि ते मुलाला पुढे पहिलीतही चिकटतात.

म्हणून माझा वर्ग मिळाला की मी रोज दोन मुलांविषयी लिहिणार आहे, म्हणजे कुणीही न बघितलेलं राहणार नाही. मोठा वर्ग असला तर हेडबाईंकडे जोडीला आणखी एक माणूस मागणार आहे, आणि मिळेपर्यंत मागत राहणार आहे. आणि शिक्षकांच्या बैठकीत मावशींची खुर्ची असेल. कोण डबा न खाता परत नेतं, कोण नळापाशी कुणाशी बोलतं, हे वर्गात सगळ्यांत आधी त्यांना माहीत असतं. ते ऐकल्याशिवाय मुलांविषयीचे निर्णय घेणं मला पटणार नाही.