दुखत नाही, माउली

28 जून, फलटण
माउलींची पालखी विमानतळावर विसावली. आमच्या तंबूत दुपारपासून रीघ: पोटऱ्यांत गोळे, जुलाब, ताप, पायाचे फोड. दिवेलागणीला एक आजी आल्या. "फोडाला मलम द्या, माउली." टाचेखालचं कातडं सोलवटून लाल मांस दिसत होतं, तरी त्यांना पत्ता नव्हता. दिंडीतल्या कुणीतरी रक्त पाहिलं म्हणून कळलं. साखरेचा आजार जुना. बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होत्या, कपाळावर गार घाम. छातीत दुखतं का, विचारलं. "नाही माउली, चालून दम लागलाय." ईसीजी काढला. झटका येऊन गेलेला, आणि तो आजचा नसावा. रुग्णवाहिकेत बसेपर्यंत दिंडी चुकेल, एवढीच काळजी त्यांना होती.

29 जून
पालखी सकाळी बरडच्या वाटेला लागली. तळावर आता चिखल आणि पत्रावळ्या.

रात्रभर तो पाय डोळ्यांपुढे होता. जुन्या मधुमेहात लांब मज्जातंतू आधी निकामी होतात, म्हणून बधिरपणा पावलांपासून सुरू होतो. हृदयाची वेदना वर कळवणारे तंतूही त्यातून सुटत नाहीत. ते छातीच्या वरच्या भागात पाठीच्या कण्यात शिरतात; डाव्या हाताकडून येणारे काही तंतू तिथेच पोचतात, म्हणून एरवी झटक्याची कळ हातात उतरते. हे तंतूच झिजले, तर रक्तवाहिनी बुजते, स्नायू मरत जातो आणि माणूस म्हणतो, दम लागलाय. दम, गार घाम, मळमळ, एकाएकी आलेला गळाठा: हातात एवढ्याच खुणा उरतात. छातीत कळ आली नाही म्हणून आजवर किती जण घरीच थांबले असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

1 जुलै
हृदयाला ठोका कुणी शिकवावा लागत नाही. मज्जातंतूंशी संबंध तुटला तरी ते मिनिटाला साधारण 100च्या गतीने चालत राहतं. प्रत्यारोपित हृदयात हे दिसतं. एरवी मेंदूतून उतरणारी व्हेगस नस त्याला आवरून धरते. कशी, ते ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी 1921 साली दाखवलं. बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावलं. म्हणजे नस रसायन सोडते. पुढे त्याची ओळख ॲसिटिलकोलिन अशी पटली आणि 1936चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं.

व्हेगस फार लांबची नस. मधुमेहाचा घाव तिच्यावर लवकर पडतो आणि बसल्या जागी नाडी धावू लागते.

3 जुलै
दवाखान्यात कालव्याकाठचे एक ऊस बागायतदार. तक्रार पायांच्या मुंग्यांची. शांत बसवूनही नाडी 104. ताप नाही, रक्त भरपूर, थायरॉइड ठीक. व्हेगस तपासायला मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावला. श्वास घेताना ठोके वाढायला हवेत, सोडताना उतरायला हवेत. फरक 10 च्या आत आला तर शंका घ्यायची. यांचा फरक तीनच. झोपवून रक्तदाब 140, उभं करताच 112.

"बाई, पाय बघायचे सोडून छातीचं काय काढलंत? छाती ठणठणीत आहे माझी."

त्यांना समोर बसवून आजींची गोष्ट सांगितली. उद्या ईसीजीला बोलावलंय, येताना मुलाला घेऊन या म्हटलं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: दम किंवा गार घाम आला, तर छातीत दुखायची वाट न पाहता निघायचं.