अशोकाची साल आणि आमचे मौन

आमच्या घरामागील ओढ्याच्या काठी अशोकाचा एक जुना वृक्ष आहे. शिशिर सरता सरता त्याच्या फांद्यांना नारिंगी-तांबड्या फुलांचे झुबके लागतात आणि सारा काठ उजळून निघतो. शहरात बंगल्यांच्या कुंपणालगत जो सरळसोट वाढणारा वृक्ष अशोक म्हणून दाखविला जातो, तो हा नव्हे, तो आसुपालव. आमच्या अशोकाच्या खोडावर कोयत्याने साल काढल्याच्या अनेक खुणा आहेत. त्यांपैकी एक माझ्या हातची आहे. तिची हकीकत मी पुष्कळ वर्षे कोणास सांगितली नाही. आज ती वाचकभगिनींसाठी, आणि त्यांच्या घरच्या पुरुषमंडळींसाठीही, सांगावी असे वाटते.

आमचा जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या उगमाचा प्रदेश. जुनी माणसे अजूनही त्याला सुपे म्हणतात. ते सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तेथील कित्येक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. दाट रान, मुसळधार पाऊस आणि दूर दूर विखुरलेल्या वाड्या. दुखणे बळावले म्हणजे दांडेली, कारवार किंवा बेळगाव गाठावे लागते, आणि त्यात बाईमाणसाचा अख्खा दिवस मोडतो. अशा मुलखात पहिला उपचार परसातला आणि रानातला असावा, यात नवल ते काय?

बायकांच्या दुखण्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. अंगावर पांढरे जाणे, विटाळ फार जाणे, ओटीपोटात कळ, अंग बाहेर येणे, या गोष्टी नवऱ्याजवळ बोलावयाच्या नसतात, सासूजवळ तर नाहीच नाही. त्यांसाठी एक वैदीण होती. सर्व वाड्या तिला आजी म्हणत. शतावरीची मुळे, अशोकाची साल, लोध्राची साल, अशी तिची संपत्ती. परंतु लोक तिच्याकडे केवळ मुळ्यांसाठी जात नसत. ती ओसरीवर बसवून घेई, आधी पेजेची वाटी पुढे करी आणि मग विचारी, ‘‘जेवण जाते का? झोप लागते का? घरात कोणी बोलले का?’’ अंगावरचे लुगडे सोडावे लागत नसे. परका पुरुष समोर नसे. पैशाची घाई नसे. ज्या बाईस आयुष्यात कोणी ‘‘तुला काय होते?’’ असे विचारलेले नाही, तिला त्या ओसरीवर अर्धे बरे वाटे.

उलट दवाखान्याविषयी आमच्या बायकांच्या मनात एक धास्ती बसलेली आहे. ‘‘तेथे गेले की पिशवीच काढून टाकतात,’’ असे त्या म्हणतात. ही धास्ती अडाणीपणाची आहे असे म्हणून शिकलेली माणसे हसतात. पण ती निराधार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची 2019 साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. साध्या दुखण्यासाठी ज्यांची पिशवी गेली, त्यांच्या शेजारणींनी दवाखान्याचे नाव ऐकून पाठ फिरविली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

आता माझी हकीकत. 2011 सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या. त्यांची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. एके दिवशी भात लावताना त्यांनी मला बांधावर बोलावले आणि हळूच सांगितले, ‘‘मला पुन्हा दिसू लागले आहे. कोणास सांगू नकोस.’’ या वयात पुन्हा विटाळ, म्हणून त्यांना भीतीपेक्षा लाजच अधिक वाटत होती. पूर्वी एकदा एका दवाखान्यात गर्दीसमोर त्यांच्यावर कोणी खेकसले होते. ते त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला शपथ घातली. मी वैदिणीकडे गेले आणि म्हणाले, ‘‘आजी, विटाळ फार जातो, औषध द्या.’’ कोणाचा, किती वयाच्या बाईचा, हे मी सांगितले नाही. मी तेव्हा चाळिशीत होते; आजीस माझाच वाटला. ती म्हणाली, ‘‘घरामागे अशोक आहे ना? त्याची साल दुधात उकळून घे.’’

मी साल काढली. जाऊबाई काढा घेत राहिल्या. कधी थांबे, कधी पुन्हा दिसे. थांबले की आम्ही दोघी म्हणत असू, गुण आला. असे सात महिने गेले. पुढे दुर्गंधी येऊ लागली, कंबर धरू लागली, तेव्हा मला राहवेना. मी आजीकडे जाऊन सर्व खरे सांगितले. म्हातारी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘पोरी, हे तू पहिल्या दिवशी का सांगितले नाहीस? पाळी गेल्यावर येणारे रक्त माझ्या मुळ्यांचे काम नव्हे. अशा बाईला मी कधी थांबवून ठेवले नसते.’’ आणि तिनेच दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना हाताला धरून बसमध्ये बसविले.

बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सांगितला. तो पसरला होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. किरणोपचार झाले. जाऊबाई आणखी अडीच वर्षे आमच्यात होत्या. सात महिने आधी आलो असतो तर काय झाले असते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या प्रश्नाचे ओझे मी आजही वाहते.

पुष्कळ दिवस मी त्या झाडास दोष दिला. आता देत नाही. दोष झाडाचा नव्हता, वैदिणीचाही नव्हता. आमचे मौन हाच खरा रोग होता. आणि ते मौन केवळ आमच्या घरचे नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉक्टर राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचा अहवाल 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना गर्भाशयाचा किंवा जननेंद्रियांचा काही ना काही विकार होता. आणि तशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया शंभरांत आठच होत्या. त्याच राणीबाईंनी तेथील बायका झाडांना कशा ओळखतात, त्यांच्याशी कसे नाते जोडतात, याविषयी ‘गोईण’ हे पुस्तक लिहिले. जी डॉक्टर रोग तपासते तीच झाडांचे ज्ञान आदराने नोंदवून ठेवते, हे मला फार शिकविणारे वाटते. या दोन गोष्टींत वैर नाही.

भगिनींनो, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत येत नाही. एका विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर साधारणपणे दहा-पंधरा वर्षांनी तो रोगाचे रूप घेतो. तेवढ्या अवधीत त्यास गाठता येते. तपासणी अगदी साधी आहे. सिरक्याचा अंश असलेले सौम्य द्रावण गर्भाशयाच्या मुखास लावतात. मिनिटभरात पांढरा डाग उमटला तर पुढील तपास करतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये हा प्रयोग केला. शिकवून तयार केलेल्या सामान्य स्त्रियांनीच दर दोन वर्षांनी तपासणी केली, आणि या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटले, असे 2013 साली जाहीर झाले. आपल्या सरकारनेही 2016 साली तिशीपुढील स्त्रियांसाठी अशा तपासणीची योजना आखली आहे. आपल्या आरोग्यकेंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना विचारावे. एकटीने जाणे संकोचाचे वाटले तर चौघींनी मिळून जावे.

परसातील औषध सोडा, असे मी म्हणत नाही. परंतु बाजारात अशोक म्हणून मिळणाऱ्या सालीत आसुपालवाची साल पुष्कळदा मिसळलेली असते, हे ध्यानात ठेवावे. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण कोणता काढा घेतो ते लपवू नये. कोणी पिशवी काढावयास सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, नवराबायकोच्या संबंधानंतर दिसले, किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर त्या आठवड्यात डॉक्टरांस दाखवावे; काढ्यावर दिवस काढू नयेत. पुरुषांनीही घरच्या बाईस वर्षातून एकदा तरी विचारावे, ‘‘तुला काही होते का?’’ आणि उत्तर ऐकावयास थांबावे.

वैदीण आजी आता नाही. तिची सून मुळ्या देते. परवा माझ्या पुतणीसाठी मी शतावरी आणावयास गेले, तेव्हा तिने पिशवीत हात घालण्यापूर्वी विचारले, ‘‘कोणासाठी? वय काय? पाळी कधी आली होती?’’ सासूने मरण्यापूर्वी तिला हे तीन प्रश्न पाठ करून दिले होते, असे तिनेच सांगितले. मी सर्व खरे सांगितले. मग घरी येताना ओढ्याकाठी थांबले. माझ्या हातची ती खूण आता भरत आली आहे. नव्या सालीखाली ती ओळखू येते, इतकेच.