रात्रपाळी आणि प्लांट हेडचे पद

कारखान्यातील स्त्री व्यवस्थापकांची बढती कोठे खुंटते, हे समजून घेताना पाळ्यांच्या वेळापत्रकाकडे आधी पाहावे लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ६६ ने स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेबाहेर काम देण्यास मनाई केली. विशेष म्हणजे कलम ६४ खाली पर्यवेक्षक व व्यवस्थापक यांना कामाच्या तासांच्या मर्यादांतून सूट देता येत असली, तरी ही रात्रबंदी त्या सुटीतून वगळलेली होती, म्हणजेच संरक्षणासाठी घातलेले बंधन स्त्री अभियंत्यालाही लागू राहिले. उत्पादन व देखभाल या विभागांत मध्यरात्री यंत्र बंद पडले असता निर्णय घेण्याचा अनुभव हीच प्लांट हेडच्या, म्हणजे संपूर्ण कारखान्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या पदाच्या, निवडीची अलिखित कसोटी मानली जात असल्याने गुणवत्ता, खरेदी किंवा मनुष्यबळ विभागांकडे वळवलेल्या स्त्रिया, कितीही कर्तबगार असल्या तरी, त्या कसोटीपर्यंत पोहोचतच नाहीत. आणि हा अन्याय वेदनादायक आहे, कारण अनुभवाची संधी नाकारणारी व्यवस्थाच पुढे अनुभवाचा अभाव हे कारण पुढे करते.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने संमती व सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. तथापि चाळिशीत पोहोचलेल्या व्यवस्थापिकेची हुकलेली वर्षे त्यामुळे भरून येत नाहीत, आणि निवड समित्यांनी जुनी कसोटी तशीच ठेवल्यास तिच्या वाट्याला सल्लागाराचे स्थान येते, निर्णयाचे येत नाही.