दहा वर्षं कुठे होती ही?

आमचा दुपारच्या चहाचा एक कट्टा आहे. सहा-सात जणी, सगळ्या सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाची सून हे विषय संपले की गाडी बातम्यांकडे वळते. ऑगस्ट २०२४ मध्ये हेमा समितीचा अहवाल जाहीर झाला तेव्हा आठवडाभर आम्हाला दुसरा विषयच नव्हता. आमच्यापैकी एकीनेही उभ्या जन्मात मल्याळम सिनेमा पाहिलेला नाही, पण तावातावाने बोलायला त्याची काय गरज?

"मेल्यांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे!" एक जण म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचा घोट घेऊन तीच पुढे म्हणाली, "पण काय गं, या पोरी तरी जातात कशाला असल्या ठिकाणी? चांगल्या घरातली मुलगी जाईल का?" त्यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. घरी आल्यावर जाणवलं की दोन्ही वाक्यं एकाच तोंडची होती आणि दोन्ही वेळा मान माझीच हलली होती.

मग म्हटलं, नीट वाचून तरी बघू. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीजवळ एका नामवंत अभिनेत्रीचं गाडीतून अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर तिथल्या सिनेमात काम करणाऱ्या बायका एकत्र आल्या, मुख्यमंत्र्यांना भेटल्या आणि सरकारने समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा, अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सला कुमारी अशा तिघी जणी. त्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सरकारच्या हाती दिला. तो साडेचार वर्षांहून जास्त काळ पडून राहिला! शेवटी माहिती अधिकाराचा तगादा लागला, तेव्हा काही भाग वगळून तो लोकांपुढे आला.

टीव्हीवर त्यातलं काय दाखवलं? रात्री दार वाजवणारे कोण, 'ॲडजस्टमेंट' म्हणजे काय, नटाचं नाव ओळखा. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. चित्रीकरणाच्या जागी बायकांसाठी साधं स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला आडोसा नसतो. म्हणून त्या दिवस दिवस पाणी पीत नाहीत आणि आजार ओढवून घेतात. यावर मात्र कुणी ओरडलं नाही. यात कुणाचं नाव नव्हतं ना, मग चर्चा कशाची करणार!

मला ते वाचून चर्र झालं. मी ज्या शाळेत सुरुवातीची वर्षं शिकवलं तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. आमच्या मुली सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. आम्ही बायाही प्यायचो नाही. कुणी तक्रार केली नाही. सिनेमाचं जग आपल्यापासून फार लांब आहे असं आपण समजतो, तेवढं काही ते लांब नाही.

आता जरा मागे जाते. २०१८ साली तनुश्री दत्ताने २००८ मधल्या एका चित्रीकरणाबद्दलची तक्रार पुन्हा मांडली. ज्यांच्यावर आरोप होता ते आपल्या सगळ्यांचे लाडके नट. त्यांनी आरोप नाकारला. पोलिसांनी २०१९ मध्ये पुरावा मिळाला नाही असा अहवाल दिला आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तक्रार मुदतीबाहेरची आहे म्हणून तिची दखल घ्यायला नकार दिला. तेव्हा त्यांना दोषी म्हणायचा मला काही अधिकार नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. मला सांगायचंय ते आमच्याबद्दल. त्या वेळी आमच्या कट्ट्यावर चौकात फोडून काढायची भाषा कुणाच्या तोंडी नव्हती. "मराठी माणसाला बदनाम करतायत" ही होती. आणि "दहा वर्षं कुठे होती ही?" हे वाक्य कुणाचं होतं माहीत आहे? माझं.

नंतर पेपरात वाचलं की ती कुठेच गेली नव्हती. तिने २००८ मध्येच कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार केली होती. म्हणजे ती त्या वेळीही बोलली होती, आपण ऐकलं नव्हतं. वाचलं, थोडं ओशाळल्यासारखं झालं आणि पान उलटलं. असो.

त्यानंतर वर्षभरात आमच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. (गावाचं नाव सांगत नाही, घरातली मंडळी ओळखतील.) जेवणाच्या रांगेत पन्नाशीकडे झुकलेली एक बाई माझ्याजवळ आली, वाकून नमस्कार केला. मी चेहऱ्यावरून ओळखलं. माझ्या वर्गातली, आवाज खणखणीत, कविता सुंदर म्हणायची.

ती नववीत असताना स्नेहसंमेलनासाठी आम्ही मोठं नाटक बसवायला घेतलं होतं. गावातले एक नामवंत दिग्दर्शक शाळेने बोलावले. राज्य नाट्य स्पर्धेत बक्षिसं मिळवलेला माणूस, शिवाय एक पैसा न घेता शिकवायला येणार, म्हणजे आम्हाला केवढा अभिमान! तालमी सुरू झाल्या आणि आठवड्याभरात ही मुलगी शिक्षकांच्या खोलीबाहेर घुटमळताना दिसली. मी बाहेर गेले. पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत म्हणाली, "बाई, सर श्वास कुठून घ्यायचा ते दाखवताना हात लावतात. मला नको वाटतं."

मी काय करावं? मी तिला खोटं ठरवलं नाही. रागावलेही नाही. उलट फार समजूतदारपणे वागले असंच मला तेव्हा वाटलं. म्हटलं, "तू नाटकात राहू नकोस. कुणाला काही बोलू नकोस, उगाच तुझंच नाव होईल." मुख्याध्यापकांना सांगितलं की तिचा अभ्यास मागे पडतोय. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. नाटक छान झालं. दिग्दर्शकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मानपत्र मी लिहिलं, कारण शाळेत मराठी मी शिकवत होते. 'मुलींच्या सुप्त गुणांना फुलवणारे' असे काहीसे शब्द मी त्यात घातले होते. टाळ्या पडल्या.

तर मेळाव्यात ती मुलगी, आता बाईच, माझा हात हातात धरून म्हणाली, "बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं?"

"आठवतं," मी म्हटलं. निदान तेवढं तरी खरं बोलले.

मग तिने विचारलं, "माझ्यानंतर माझ्या जागी कोणाला घेतलंत?"

आणि मला नाव आठवेना. आजही आठवत नाही. नाटकाचे संवाद आठवतात, मानपत्राचा कागद कसा होता तो आठवतो, पण त्या मुलीचं नाव नाही. तिने काही सांगितलं का? सांगितलं असतं तरी कुणाला? मला? मी तर मानपत्र लिहीत होते.

ते दिग्दर्शक आता हयात नाहीत. तेव्हा हे लिहून मी त्यांच्याकडून काही वसूल करत नाही. 'त्या काळी असंच होतं' हे मात्र मला स्वतःला म्हणू द्यायचं नाही. विशाखा प्रकरणातला निकाल १९९७ चा, मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा २०१२ चा आणि कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, हे खरं आहे. त्यापूर्वी कायद्याचा आधार कमी होता हेही खरं. पण ती माझ्यापर्यंत आली तेव्हा तिला कायदा नको होता. बाईंनी एकदा त्या तालमीच्या खोलीत येऊन बसावं, एवढंच पुरलं असतं. तेवढं करायला मला कुठल्या कलमाची गरज होती?

कट्ट्यावर केरळची चर्चा रंगली होती, त्याच आठवड्यात एके दिवशी मी हे सगळं सांगून टाकलं. सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी बशीत सांडलेला चहा पुसायला लागली. बऱ्याच वेळाने 'चांगल्या घरातली मुलगी' म्हणणारी आमची मैत्रीण हळूच म्हणाली, "आमच्याकडे गाणं शिकवायला एक मास्तर यायचे..." आणि थांबली. पुढचं तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशी कुणी तिला 'तेव्हा का नाही बोललीस' असं म्हटलं नाही.

या मे महिन्यात नातीचं नाव नाट्यशिबिरात घालायचं होतं. मी मुलाबरोबर गेले. फी, वेळ, डबा सगळं विचारून झाल्यावर मी विचारलं, "मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे? त्याला कडी आहे का? तालमीच्या वेळी खोलीत दुसरं मोठं माणूस असतं का? आणि एखाद्या मुलीला काही सांगायचं असेल तर तिने कुणाला सांगायचं?"

टेबलामागचा मुलगा गोंधळला. "आजी, असं अजून कुणी विचारलं नव्हतं," म्हणाला. मुलगा माझा दंड धरून "आई, चल" म्हणत होता. त्याला लाज वाटत असावी. मी म्हटलं, थांब रे जरा, आणि तो मुलगा आतून कुणाला तरी बोलावून आणेपर्यंत खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले.