मागच्या सीटवरून

तान्ह्या पोळ्याचा माझा लाकडी नंदी अजून माळ्यावर आहे. चार चाकं, गळ्यात घुंगरं, शिंगांचा बेगड उडालेला. त्याला दोरीनं ओढत आम्ही गल्लीभर बोजारा मागत फिरायचो. या पावसाळ्यात शिवणीच्या लाकडाचा एक ठोकळा टेबलावर ठेवला आणि त्यातून बाबांची पद्मिनी काढायला बसलो. परदेशी गाड्यांचे प्लॅस्टिकचे किट मिळतात, दोन मी जोडलेही आहेत. पण ही गाडी मला नंदीच्या घरातली हवी होती.

प्रमाण एकास चोवीस. चार मीटरला थोडी कमी अशी गाडी सोळा सेंटिमीटरमध्ये मावते. या मापात पाव मिलिमीटर हात चुकला, की खऱ्या गाडीत सहा मिलिमीटरची फट. रंग जाड झाला तर दारांच्या रेघा बुजतात. म्हणून पातळ हात, वाळवण, बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, पुन्हा पातळ हात. श्रावणात गोंदियाच्या हवेत एका हाताला तीन दिवस लागतात.

बंपरला चॉकलेटची चांदी चढवली. चाकांच्या कमानींत धानाच्या तुसाची राख चाळून कोरड्या ब्रशनं बसवली. आमच्या राइस मिलांच्या गावात गाडीवर तीच पडायची. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा फाइलच्या पारदर्शक कव्हरातून कापल्या. त्या दोन तुकड्यांवर चार संध्याकाळी गेल्या, आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही. आमगाव, सालेकसा करत हाजरा धबधब्याला जाताना बाबा ती काच तिरकी करत, आणि वारा थेट मागे माझ्या तोंडावर येई. आधी उसन्या तांदळाचा वाफाळ वास, मग रोवणीच्या चिखलाचा, दरेकसा जवळ आलं की ओल्या जंगलाचा. त्या काचा मी तिरक्याच चिकटवल्या.

ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. मूळची इटलीची फियाट ११००, १०८९ सीसीचं इंजिन. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. आमची त्याच्या कितीतरी आधी विकली गेली. उरले दोन फोटो, दोन्ही बाहेरून काढलेले.

आतलं सगळं आठवणीतून करावं लागलं, आणि माझी आठवण मागच्या सीटवरची. छप्पर वेगळं कापून ठेवलं, गोल पटाशीनं आतून कोरत गेलो. पुढच्या अखंड सीटची पाठ, तिच्यावरचे टाके भराभर जमले. अडलं ते गिअरपाशी. स्टिअरिंगखालून डावीकडे येणारा तो दांडा. त्यासाठी टाचणी वाकवली, तीनदा बसवली, तीनदा काढली.

बाबा आता ऐंशीचे आहेत. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"बाबा, गिअर कुठं यायचा?"

ते सरळ झाले. डाव्या पायानं फरशी दाबली, डावा हात हवेत गेला, मनगट किंचित आत वळलं.

"हा पहिला." हात हलला, मध्ये येऊन थांबला. "इथं न्यूट्रल."

"हात असाच राहू द्या," म्हणत मी टाचणी त्यांच्या बोटांशी धरली आणि चिमट्यानं तेवढीच वाकवली.

छप्पर अजून चिकटवलेलं नाही.